गाळपेरीतल्या बोटीची निरवानिरव

मी, जयराम चिमाजी पगारे, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वीचा धंदा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूम फिटर, सध्याचा धंदा काही नाही, राहणार धरणाच्या फुगवट्यातली बोट, गिरणाऱ्याच्या पुढे, तालुका व जिल्हा नाशिक, माझ्या मागे काय कोणाचे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी शुद्ध शाबूत आहे. चष्मा लावून पेपर वाचता येतो, व्हर्नियरवरची रेघ मात्र आता दिसत नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला का होईना, कोणी इथवर आले असते तर मी त्याला आधी चहा पाजला असता.

याआधी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही. जानेवारीत हृदयात स्प्रिंग बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही, पण कागदपत्रे एकदा नीट करून ठेवा. या दोन वाक्यांचा मेळ मला घालता आला नाही, म्हणून मी दुसरे धरून चाललो.

कलम १. सातपूरच्या कामगार वसाहतीतले दोन खोल्यांचे घर माझी पत्नी सौ. ललिता हिच्या नावावर आहे. महापालिकेच्या शाळेत शिकवून तिने ते घेतले. त्यावर माझा किंवा माझ्या मागे कोणाचा काही हक्क नाही. तिथल्या मोरीचा नळ मी बसवलेला आहे आणि तो गळतो असे कळते, त्याबद्दल दिलगीर आहे. आम्ही दोघे सात वर्षे वेगळे राहतो. भांडण होऊन नाही. भांडण झाले असते तर मिटवता आले असते. दर रविवारी सकाळी दहा वाजता ती फोन करते. "तब्येत कशी आहे?" विचारते, मग "घर कसं आहे?" विचारते. मी दोन्हीला "मस्त" म्हणतो. पाच-सात मिनिटांत फोन संपतो आणि पुढचा रविवार येईपर्यंत मी तो पुन्हा पुन्हा आठवत बसतो.

कलम २. माझी म्हणावी अशी एकच मिळकत, ती म्हणजे बोट. लोखंडी, लांबी अडतीस फूट, रुंदी अकरा फूट. धरणामुळे पलीकडे राहिलेल्या वाड्यांवरची माणसे हिच्यातून ये-जा करत. पूल झाला आणि बोट काठाला पडून राहिली. २०१७ साली, निवृत्तीला वर्ष उरलेले असताना, कारखाना बंद झाला. त्याच महिन्यात मी ही बोट एका ठेकेदाराकडून भंगाराच्या भावाने घेतली. इंजिन आहे असे तो म्हणाला होता. इंजिन आहे. चालते असे तो म्हणाला नव्हता, आणि मी विचारले नव्हते. त्याला दोष देत नाही, पण त्याचे नाव घेतले की मला आजही ठसका लागतो.

सहा महिने नुसता गंज खरवडला. तळाचे कुजलेले पत्रे कापून नवे लावले, रेड ऑक्साइडचे तीन हात दिले. लोखंड उन्हाळ्यात तव्यासारखे तापते, म्हणून आतून थर्माकोल आणि त्यावर प्लायवुड. प्रवाशांची बाकडी सागवानी होती, त्यांच्या फळ्यांचा दोघांना पुरेल असा पलंग केला. टपावर सोलर बसवले, त्यावर एक पंखा, तीन दिवे आणि रेडिओ चालतो. ओट्याची उंची सातपूरच्या घरातला ओटा मोजून आणून तेवढीच ठेवली, ललिताला वाकावे लागू नये म्हणून. कुशीवर 'प्रवासी क्षमता २५' असे लिहिलेले होते, रंग देताना तेवढी जागा सोडली. चोवीस जागा रिकाम्या आहेत असे मी आल्यागेल्याला सांगतो. आलेगेले म्हणजे सोमनाथ.

सोमनाथ हा धरणावरचा चौकीदार. बोट हटवा अशी नोटीस तो दर तीन-चार महिन्यांनी आणतो. मी पोच म्हणून सही करतो, तो चहा पितो, माझी तब्येत विचारतो आणि जातो. अशा एकवीस नोटिसा पलंगाखालच्या पेटीत आहेत. कागद चांगला आहे, मागच्या बाजू कोऱ्या आहेत. हे मृत्युपत्र मात्र विकत आणलेल्या कागदावर लिहिले आहे.

कलम ३. बोटीतला दोष. जो कोणी बोटीचा ताबा घेईल त्याला हे माहीत असणे जरूर आहे.

पावसाळ्यात धरण भरले की पाणी इथवर येते आणि बोट तरंगते. जानेवारीपासून पाणी उतरते, बोट जमिनीला टेकते आणि पुढचे पाणी येईपर्यंत तिथेच बसून राहते. उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत आजूबाजूचे लोक तेवढ्या महिन्यांपुरते पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. २०१८च्या उन्हाळ्यात बोट अशीच गाळावर, उतारावर बसलेली होती, नाक वर आणि शेपूट खाली, तेव्हा मी तिच्या आत घर उभे केले.

चौतीस वर्षे टूलरूममध्ये काढलेला माणूस नजरेच्या अंदाजाने काम करत नाही. प्रत्येक गोष्ट मी स्पिरिट लेव्हल, म्हणजे बुडबुड्याची नळी असलेली पट्टी, ठेवून बसवली. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय एक वेल्ड मारला नाही. ओटा, मांडणी, पलंग, पाण्याची टाकी, दाराच्या चौकटी, सगळे डोळ्यांत तेल घालून सरळ केले. बोट तिरपी बसली आहे हे मला दिसत होते, म्हणून तर लेव्हल लावत होतो. ऑगस्टमध्ये पाणी आले. बोट तरंगली आणि सरळ झाली. आतले घर वाकडे झाले.

सहा फुटांच्या ओट्याला पाच इंचांचा उतार आला. मोरीचे पाणी जाळीकडे न जाता माझ्या पायांकडे येऊ लागले. आमटी ताटाच्या एका कडेला जमते, भात दुसऱ्या कडेला कोरडा राहतो. झोपलो की पाय वर आणि डोके खाली, म्हणून तीन उश्या. दार उघडले की आपोआप मिटते. पहिले आठ दिवस मी कोणाशी बोललो नाही. बोलायला कोणी नव्हते हे खरे, पण असते तरी बोललो नसतो.

सगळे कापून पुन्हा बसवता आले असते. आठ दिवसांचे काम होते. पण कापायचे म्हणजे कबूल करायचे, आणि मी ते केले नाही. आठ दिवसांचे काम मी सात वर्षे टाळले. त्याऐवजी एक उपाय काढला. बोट ज्या जागी बसली होती तिथे चार लोखंडी खुंट्या ठोकल्या. पाणी उतरू लागले की दोर लावून बोट बरोबर त्या चार खुंट्यांमध्ये, त्याच तोंडाने बसवायची. मग निम्मे वर्ष घर सरळ असते आणि निम्मे वर्ष सांभाळून राहायचे. मी हे लिहितो आहे तेव्हा मे महिना आहे, घर सरळ आहे आणि अक्षरही बरे येते आहे.

कलम ४. (हे कलम मी स्वतः काट मारून रद्द केले आहे. मजकूर वाचता येईल असाच ठेवला आहे. समासात माझी सही आहे. रद्द करण्याचे कारण कलम ९ मध्ये.) सदर बोट आतल्या सामानासह माझ्या पश्चात माझी पत्नी ललिता हिला द्यावी. ती तिच्यासाठीच केली होती. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटले, पण ते पूर्ण खरे नाही. ललिताला पाण्यावर राहायचे आहे का, हे मी तिला एकदाही विचारले नव्हते. बोट घेतली तेव्हा नाही, पत्रे बदलले तेव्हा नाही. ती निवृत्त झाली की येईल असे मी धरून चाललो. सातपूरचा ओटा मोजला आणि त्याला प्रेम समजलो. ज्या बाईने त्यापुढे तीस वर्षे उभे राहून स्वयंपाक केला तिला तो ओटा आवडत होता की नाही, तेही विचारले नाही.

२०१८च्या मे महिन्यात ती एकदाच इथे आली, डबा घेऊन. मी ओटा बसवत होतो, दोन वेल्डर हाताखाली होते. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, पाणी आलं की बोट सरळ होईल ना? मग हा ओटा कुठे जाईल?" मी त्या दोघांसमोर म्हणालो, "तू पाढे शिकव. फिटिंग माझ्यावर सोड." वेल्डर हसले. मीही हसलो. तिने डबा तिथेच ठेवला आणि रस्त्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभी राहिली. ऊन होते. मी ओटा पूर्ण करूनच हात धुतले, तोवर एसटी गेली होती.

ललिता म्हणाली ते बरोबर होते. हे वाक्य मी कोणापाशी बोललेलो नाही. माझ्या पश्चात तरी तिने ते वाचावे, म्हणून हे कलम. (रद्द कलम समाप्त.)

कलम ५. सदर बोट माझ्या पश्चात श्रीमती चतुराबाई यांना द्यावी. ज्या चार खुंट्यांमध्ये बोट बसते तो गाळपेरीचा पट्टा त्या कसतात. पहिल्या वर्षी मेथीच्या वाफ्यांच्या जागेवर बोट बसली म्हणून त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या मी आधी ऐकल्या नव्हत्या, आणि मी कारखान्यात होतो. पुढे त्या वाफे बोटीला वळसा घालून पाडू लागल्या. पाणी चढलेले असताना काठावरून भाजी देतात. कारखान्यात माझे नाव पगारे होते, त्यांच्या तोंडी मी फिटरभाऊ आहे.

या जानेवारीत छातीत दुखू लागले तेव्हा सोमनाथने मला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेले. ललिता रोज डबा घेऊन आली. पाचव्या दिवशी म्हणाली, "आता घरी चला." मी म्हणालो, "पाणी उतरतंय, बोट बसवायला पाहिजे." तिने डब्याची झाकणे लावली. का बसवायला पाहिजे, हे मला तिला सांगता येईना.

परत आलो तर बोट खुंट्यांमध्ये बसलेली. चतुराबाई वाफे पाडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फिटरभाऊ, तुमची बोट लय लांब चालली व्हती. ट्रॅक्टर लावला न् आणली ओढून. आता घर सरळ हे ना, मंग झालं." मी आत जाऊन ओट्यावर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध होता. एवढ्या वर्षांत माझे घर सरळ असावे असे दुसऱ्या कोणाला वाटते, हे मला पहिल्यांदाच कळले.

बोट तुम्हाला ठेवतो म्हणालो तर त्या म्हणाल्या, "मला काय करायची? कांदा भरला त पत्र्यात सडंल. शेळ्या बांधीन मी." त्यांनी खुशाल शेळ्या बांधाव्यात. भंगारात मात्र घालू नये. पलंगावर शेळ्या चढू देऊ नयेत अशी अट घालणार होतो, पण शेळ्या अटी वाचत नाहीत.

कलम ६. बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी तेजल हिचे. ती बंगळुरूला असते. दवाखान्यात चार दिवस राहून गेली, लॅपटॉप मांडीवर घेऊन. तिला माझा मायक्रोमीटरही द्यावा. लहानपणी तिने त्यावर डोक्याचा केस मोजला होता आणि शाळेत जाऊन सांगितले होते की आमच्या घरी केस मोजायचे यंत्र आहे. बाकीची हत्यारे, कानशी, ड्रिल, टॅप, डाय, आयटीआयच्या फिटर वर्गाला द्यावीत. स्पिरिट लेव्हलही द्यावी. चूक तिची नव्हती.

कलम ७. राग. माझ्याशेजारच्या लेथवर राज नावाचा सोबती होता. त्याने कारखाना बंद होण्याच्या आठवड्यात माझा बोअरिंग बारचा, म्हणजे भोक रुंद करायच्या हत्यारांचा, संच नेला आणि परत केला नाही. तो मी त्याला दिला असे समजावे. या एका वाक्याला मला आठ वर्षे लागली. बोटीला 'वेड्याची कढई' म्हणणारे जे कोणी असतील त्यांच्यावर माझा राग नाही. आकार तसाच आहे.

कलम ८. माझ्यावर बौद्ध पद्धतीने संस्कार करावेत. त्रिसरण-पंचशील म्हणावे, भाषणे करू नयेत. माझ्याबद्दल बोलण्यासारखे ज्यांना माहीत आहे ते बोलणारे नाहीत, आणि बोलणाऱ्यांना काही माहीत नाही. जलदान विधी सातपूरला करावा, ललिताची हरकत नसेल तर. राख बोटीवरून पाण्यात सोडू नये. लोक ते पाणी पितात.

कलम ९. साक्षीदार. वकील म्हणाले, दोन हवेत, तुमच्यासमोर सही करतील असे, आणि शक्यतो ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे. मला वाटले, हे सर्वांत सोपे. पहिला सोमनाथ. त्याला मी काही देत नाही आणि त्याने मला एकवीस नोटिसा दिल्या आहेत. दुसऱ्यापाशी अडलो. चतुराबाई कोणत्याच कागदाला अंगठा लावत नाहीत. तेजल कलम ६ मध्ये आहे. कारखान्यातल्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात एकशे बेचाळीस जण आहेत. मी लिहिले, एका सहीसाठी अर्धा दिवस कोणी येऊ शकेल का. अकरा जणांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. एकाने फोन केला, तो पुण्याहून, आणि त्याला वाटले मी गेलो. माझ्या ओळखीत दुसरा माणूसच निघेना. चौतीस वर्षे नोकरी आणि एवढा संसार करून मला एक सही मिळत नव्हती. मी एकटा राहतो हे मला माहीत होते. एकटा पडलो आहे हे त्या आठवड्यात कळले, आणि त्याचे फार वाईट वाटले.

गेल्या रविवारी ललिताने फोनवर विचारले, "साक्षीदार मिळाले का?" तेजलने तिला सांगितले असावे. मी म्हणालो, "एक मिळाला." ती म्हणाली, "मी येते." मी म्हणालो, "तुझं नाव आत आहे. बोट तुला ठेवली आहे." ती म्हणाली, "मग काढा. मला बोट नको, सही करायला येते." मी फोन ठेवल्याबरोबर कलम ४ वर काट मारली. खाली कलम ५ लिहिले आणि पुढचे आकडे बदलले. खाडाखोड दिसते ती त्याची.

आज रविवार. ती दहा वाजता रिक्षाने आली. फळीवरून चढताना मी हात पुढे केला, तिने तो धरला. आत येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि सगळीकडे बघितले. सोमनाथ आधीच येऊन बसला होता. मी कागद तिच्यापुढे केले तर म्हणाली, "मला वाचायचं नाही. साक्षीदारानं तुम्ही सही करताना बघायचं असतं, एवढंच."

जे मी लिहून ठेवले होते ते ती वाचणार नव्हती. तेव्हा तोंडाने बोलावे लागले, तेही सोमनाथसमोर. मी म्हणालो, "तू त्या दिवशी ओट्याचं म्हणालीस ते बरोबर होतं. पाणी आल्यावर घर वाकडं झालं. अजून तसंच आहे. आणि मी तुला सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं माझं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चतुराबाई सातपूरच्या बाजारात बसतात. डबा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी मला बघितलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात मेथीची जुडी देताना म्हणाल्या, तुमच्या मालकांच्या घरात सगळं घरंगळतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"दर रविवारी विचारत होते की, घर कसं आहे म्हणून."

सात वर्षांचे रविवार किती होतात ते मी मोजले नाही. मोजायची हिंमत झाली नाही. सोमनाथ उठून बाहेर जाऊन उभा राहिला. ललिताने पदराने चष्मा पुसला आणि चहाचे आधण ठेवले. साखर कुठे आहे एवढेच विचारले.

हे शेवटचे लिहीत असताना दोन्ही साक्षीदार माझ्यासमोर बसून चहा पीत आहेत. "साहेब, किती लिहिताय, सही करा आता," असे सोमनाथ दोनदा म्हणाला. ललिता संध्याकाळी सातपूरला परत जाणार आहे. रिक्षावाल्याला तिने पाचची वेळ दिली आहे आणि मी तिला थांब म्हटलेले नाही. विचारायचे कसे, हे मी अजून शिकतो आहे. आत्ताच तिने विचारले, "हे रजिस्टर करायला कचेरीत जावं लागेल ना? साक्षीदारांना पण?" मी हो म्हणालो. मृत्युपत्र नोंदवण्याची सक्ती नाही, असे वकिलांनी मला सांगितलेले आहे. ते मी तिला सांगितले नाही.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, सावधपणे, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करून पुरे करतो.

(सही)
जयराम चिमाजी पगारे

साक्षीदार क्र. १
(सही) सोमनाथ, चौकीदार. साहेबांनी माझ्यासमोर सही केली. मी शुद्धीत आहे व साहेबपण आहेत.

साक्षीदार क्र. २
(सही) सौ. ललिता जयराम पगारे, निवृत्त शिक्षिका, राहणार सातपूर. मजकूर वाचलेला नाही. सही माझ्यासमोर झाली. नोंदणीची सक्ती नसते हे मला माहीत आहे. तरी केव्हा जायचे ते कळवावे, मी येईन.

ठिकाण : बोट, गिरणाऱ्याच्या पुढे, जि. नाशिक
दिनांक : १८ मे २०२५, रविवार